शब्द आमचा, शिक्का त्यांच्यावर

मराठीत शिकारीला निदान तीन शब्द आहेत आणि ते तीन वेगवेगळ्या दारांनी घरात आले आहेत. ‘मृगया’ संस्कृतातून आली आणि पुराणातल्या राजांच्या पालखीत बसून राहिली. ‘शिकार’ फारसीतून आली. ती दरबारात रुळली, आणि पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा ‘शिकारखाना’ उभा राहिला. ‘पारध’ मात्र प्राकृतातून पायी चालत आली. प्राकृतात ‘पारद्धि’ म्हणजे शिकार. जैन ग्रंथकारांच्या संस्कृतात ह्याच शब्दाचे ‘पापर्द्धि’ असे रूप भेटते : पाप अधिक ऋद्धी, म्हणजे पापाची भरभराट. ह्यातले आधीचे रूप कोणते आणि नंतरचे कोणते, ह्यावर व्युत्पत्तिकारांनी खुशाल वाद घालावा. मला त्यात एक गोष्ट दिसते. जनावर मारून पोट भरणाऱ्याच्या धंद्याच्या नावातच पाप वाचण्याची खोड जुनी आहे. ती इंग्रजाने आणलेली नाही. इंग्रजाने फक्त त्या पापाला कायद्याचा क्रमांक दिला.

हा लेख त्या शब्दाबद्दल आहे, आणि त्या शब्दावरून ज्यांना नाव मिळाले त्या माणसांबद्दल आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ‘पारधी’ हा मराठी शब्द आहे. तो आपण एका समाजाला नाव म्हणून दिला, आणि नंतर त्याच शब्दाचा अर्थ ‘चोर’ असा होऊ दिला. नाव आपल्या भाषेतून गेले असल्यामुळे त्याची राखण करणे हे आपले, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांचे काम आहे. आणि ते सर्वांत अधिक आपले, म्हणजे सातपुड्याच्या अल्याड-पल्याड दोन भाषांत संसार करणाऱ्यांचे आहे.

आधी शब्दाची श्रीमंती पाहू. पारधीचे रान मराठी बोलीत इतके खोल शिरले आहे की ते आता आपल्याला दिसतही नाही. आपण एखाद्या गोष्टीचा ‘माग’ काढतो, हरवलेल्या वस्तूचा ‘मागमूस’ लागत नाही म्हणतो, कोणी ‘दबा धरून’ बसतो, कोणी ‘सावज’ हेरतो, कोणी ‘फाशात’ सापडतो, कोणासाठी ‘रान उठवले’ जाते. हे सारे शब्द ज्याच्या हातचे आहेत तो माणूस पारधी. ‘वाघूर’ म्हणजे जनावर धरायचे जाळे, संस्कृतातली वागुरा; हा शब्द शहरी मराठीने विसरून टाकला, पण कोशांत तो आहे. जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ तर ‘पारध’ नावाचे गावच आहे. जुन्या पोथ्यांत राजेसुद्धा ‘पारधीस’ जातात; तेव्हा तो शब्द राजाच्या अंगावर शोभत होता.

देवघरातही तो माणूस आहेच. महाशिवरात्रीला भोपाळपासून बेळगावापर्यंत ज्या मराठी घरांत श्रीधरांचे शिवलीलामृत वाचतात, त्या घरांत दुसऱ्या अध्यायातली व्याधाची कथा दरसाल वाचली जाते. बेलाच्या झाडावर बसलेला तो पारधी, खाली येणारी हरिणे, शब्द पाळून परत येणारी ती जनावरे आणि शेवटी सगळ्यांचाच उद्धार. आभाळात मृगनक्षत्रामागे जो सर्वांत तेजस्वी तारा दिसतो त्याचे नावही आपण ‘व्याध’ ठेवले आहे. पोथीतला पारधी तरला, आभाळातला पारधी चमकला. कॉलनीच्या फाटकाशी भंगाराची पिशवी घेऊन उभी असलेली पारधीण मात्र दिसली की आपल्याकडे फाटक लावून घेतात.

आता नावाचा इतिहास. रसेल आणि हिरालाल ह्यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हिरालाल हे ह्याच मध्य प्रांतातले, कटनीकडचे. त्यांच्या ग्रंथात पारधी हे नाव मराठी ‘पारध’ ह्या शब्दावरून आले असे स्पष्ट नोंदले आहे. पुढे त्यांनी पोटशाखा दिल्या आहेत, आणि ती यादी म्हणजे धंद्यांचे एक संग्रहालयच आहे. दोरीचे फासे लावणारे ते फासेपारधी. लंगोटीवर हिंडणारे ते लंगोटी पारधी. बैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणारे ते गायके. चित्ता माणसाळवून त्याच्याकरवी हरिण धरणारे ते चित्ता पारधी. आणि जात्या-पाट्याला टाकीचे घाव घालून देणारे ते टाकणकार. ज्याच्या टाकीवाचून आपल्या आजीचे जाते पीठ देत नव्हते, तोही ह्याच कुळातला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ह्या लोकांची स्वतःची बोली मराठी नाही. इंग्रजी अमदानीतल्या भाषिक सर्वेक्षणाने ती भिल्ली गटात घातली. तिचे वळण गुजराती-राजस्थानीकडचे आहे. कित्येक ठिकाणी ते स्वतःला ‘वाघरी’ म्हणवतात. कर्नाटकाच्या बाजूला त्यांना ‘हरणशिकारी’ म्हणतात. म्हणजे घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. सीमेवरच्या मराठी माणसाला ही ओढाताण समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपल्या मुलांची मराठी हिंदीच्या रेट्यात टिकावी म्हणून आपण महाराष्ट्र मंडळे चालवतो, गणेशोत्सवात नाटके बसवतो, दिवाळी अंक काढतो. ज्यांना आपण आपल्या भाषेतले नाव दिले, त्यांच्या घरातल्या भाषेचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

मग हा शब्द बिघडला कधी? दोन कायद्यांनी तो बिघडवला. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या सुधारित कायद्याने त्याचे जाळे देशभर पसरले. दरम्यान १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले बंद होत गेली. एका हाताने रान काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने रानावाचून भटकणाऱ्याला गुन्हेगार लिहायचे, असा हा व्यवहार होता. ज्या जमाती यादीत गेल्या त्यांची पोरे जन्मतःच संशयित ठरली. पोलिसपाटलापुढे हजेरी, गाव सोडायला परवाना, नाही तर तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापूरच्या माणसाला ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही समजावून सांगावा लागत नाही. पारध्यांच्या अनेक शाखा त्या याद्यांत गेल्या. गुन्हा केला म्हणून माणूस गुन्हेगार, ही जगाची रीत. इथे जात अमुक म्हणून माणूस गुन्हेगार, आणि गुन्हा सवडीने शोधायचा.

त्या काळातही एका मराठी राजाला हे पटले नव्हते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली, आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. ज्याला जग चोर म्हणते त्याच्या हाती तिजोरीचा पहारा द्यायचा, हे त्या माणसाचे शहाणपण. महाराज स्वतः नामांकित शिकारी होते. पारध्याचे कसब काय असते हे त्यांना रानात कळले होते. आपण मात्र त्यांच्या तसबिरीला दरवर्षी हार घालतो आणि विसरून जातो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कागदावरचा शिक्का पुसला. जिभेवरचा राहिला, कारण जिभेसाठी कोणी कायदा करीत नाही. आणि कागदावरचाही पुरता पुसला नव्हता. सवयीच्या गुन्हेगारांसाठी राज्याराज्यांनी वेगळे कायदे केले, आणि तुरुंगांच्या काही नियमावल्यांत जुन्या जमातींचे उल्लेख तसेच राहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता ह्या पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा विमुक्त जमातींबद्दलच्या ह्या तरतुदींचाही समाचार घेतला. कायदा गेल्यावर बहात्तर वर्षांनी!

आता भोपाळकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, नागपूरची दप्तरे उचलून भोपाळला आली, आणि त्या दप्तरांबरोबर शेकडो मराठी कुटुंबे आली. त्याआधी हे नवाबाचे शहर. शेवटचे नवाब हमीदुल्ला खान शिकारीचे शौकीन होते आणि चिकलोदला त्यांची शिकारीची कोठी होती. शहराभोवतीची राने ह्या शौकासाठी राखलेली होती. तिथे माग काढायला, हाका घालायला लागणारी माणसे तिथलीच, रानातली. साहेबाच्या छायाचित्रात मेलेल्या वाघावर साहेबाचा बूट असतो. माग काढणाऱ्याला छायाचित्रात जागा नसते.

भोपाळहून पंचेचाळीस किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, भीमबेटका आहे. विष्णु श्रीधर वाकणकर ह्या आपल्या मराठी संशोधकाने १९५७ साली आगगाडीच्या खिडकीतून ते डोंगर पाहिले आणि जगाला ती चित्रे सापडली. त्या चित्रांत काय आहे? पारध आहे. धनुष्य ताणलेली माणसे आहेत, पळणारी हरिणे आहेत, चवताळलेले रानडुक्कर आहे. मध्य प्रदेशात राहणारा मराठी माणूस पाहुण्यांना तिथे अभिमानाने घेऊन जातो आणि ‘आपल्या वाकणकरांनी शोधले’ असे सांगतो. सांगावेच. २००३ च्या जुलैत युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

त्याच २००३ च्या जानेवारीत एक कायदा अमलात आला होता. त्याने भोपाळ, रायसेन आणि सीहोर ह्या तीन जिल्ह्यांतल्या पारध्यांना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळले. वाचकहो, हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात, दगडावर रंगवलेला पारधी जगाचा वारसा ठरला आणि हाडामांसाचा पारधी यादीतून गेला. दगडावरच्या पारध्याला कुंपण घालून जपायचे, जिवंत पारध्याला कुंपणाबाहेर काढायचे!

सीमेची गंमत तर आणखी निराळी. महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी, लंगोली पारधी, चित्ता पारधी, टाकणकार ही सारी नावे अनुसूचित जमातींच्या यादीत एका नोंदीखाली आहेत. मध्य प्रदेशात तीच नोंद आहे, पण जिल्ह्या-तहसिलींचे तुकडे पाडून. बैतूल जिल्ह्यातले बैतूल, भैंसदेही आणि शाहपूर त्यात आले; तापीचे उगमस्थान असलेले, निम्मे मराठी बोलणारे मुलताई त्यात आले नाही. म्हणजे अमरावती जिल्ह्यातला भाऊ आदिवासी आणि मुलताईतला भाऊ कोणीच नाही. ह्याच मुलताई तहसिलीतल्या चौथिया गावची पारध्यांची वस्ती सप्टेंबर २००७ मध्ये जमावाने पेटवून दिली. परिसरात एका स्त्रीचा खून झाला होता, संशय पारध्यांवर गेला, आणि शिक्षा सगळ्या वस्तीला मिळाली. १८७१ चा कायदा ह्याहून वेगळे काय सांगत होता? पुढे उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. उठलेल्या कुटुंबांची फरफट चालूच राहिली. जुलै २०२४ मध्ये गुना जिल्ह्यात एक पारधी तरुण आपल्या लग्नाच्या वरातीतून पोलिसांनी उचलला आणि कोठडीत मेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही तपास सीबीआयकडे सोपवला. दोन्ही प्रकरणांत स्थानिक तपासावर न्यायालयाने विसंबू नये, एवढी एक गोष्ट विचार करायला पुरेशी आहे.

आता विरोधकांचे मुद्दे. ते मी टाळणार नाही.

पहिला मुद्दा : ‘वाघ कोण मारतो हो? हेच लोक ना?’ चोरट्या शिकारीच्या खटल्यांत पारधी-बहेलियांची नावे आली आहेत, शिक्षाही झाल्या आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्याने मारला त्याला शिक्षा व्हावी. पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडू. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघ सांगितले जातात. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले, आणि तेच भारतातले अखेरचे चित्ते असे धरले जाते. त्यांच्यामुळे राजघराण्यांचा अर्थ ‘गुन्हेगार जमात’ असा कोणी केला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर बंदुकीचा शिकारी एका रात्रीत निसर्गप्रेमी झाला, आठवणी लिहू लागला. फासेवाला गुन्हेगार झाला. त्याच्यापाशी लिहायला लेखणी नव्हती आणि खायला दुसरा धंदा नव्हता. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात सोडले, ढोलताशे वाजले. चित्त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चित्ता पारध्यांची त्या दिवशी कोणाला आठवण झाल्याचे मी वाचले नाही.

आणि त्या कसबाचा उपयोग करून घेणारेही आहेत. २००९ साली पन्न्याच्या रानातले वाघ संपले होते, मग बाहेरून आणून पुन्हा वसवले. त्याच पन्न्यात आज पारधी तरुण पर्यटकांना जंगलवाटांवर नेतात आणि पाऊलखुणा वाचून दाखवतात. अकोला-वाशीमकडे ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ माळ आणि त्यावरचा तणमोर राखायला झटते. तणमोर कुठे बसेल हे ज्याच्या आजोबाला पकडण्यासाठी कळत होते, त्याच्या नातवाला राखण्यासाठी कळते. विद्या तीच आहे.

दुसरा मुद्दा सभ्य लोकांचा : ‘नाव बदनाम झाले तर दुसरे द्यावे.’ हा उपाय मला मान्य नाही. शब्द मुळात वाईट नाही ह्याचा पुरावा हवा असेल तर वैनगंगेच्या खोऱ्यात जावे. तिथल्या पोवारांत ‘पारधी’ हे एक प्रतिष्ठित कुळ आहे. २०२४ साली बालाघाट मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेल्या खासदारांचे आडनावच पारधी आहे. तिथे ह्या शब्दाने कोणी दचकत नाही. तोच शब्द चारशे किलोमीटरवर भोपाळात ‘पारदी गिरोह’ होतो. शब्द तोच, बोलणाऱ्याची नजर बदलली. नजर तीच ठेवून नवे नाव दिले तर तेही दहा वर्षांत मळेल. गिरीश प्रभुणे ह्यांनी आपल्या पुस्तकाला ‘पारधी’ हेच नाव दिले. मतीन भोसले ह्यांनी अमरावती जिल्ह्यात फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा तिचे नाव ठेवले ‘प्रश्नचिन्ह’. नाव लपवायचे कशाला? प्रश्न विचारणाराच जेव्हा पारधी असतो, तेव्हा उत्तर देण्याची पाळी आपली असते.

तिसरा मुद्दा सर्वांत सोयीचा : ‘शब्दाने काय होते? त्यांना शिक्षण द्या, नोकऱ्या द्या.’ द्यावेच, आणि देणारे देतही आहेत. भोपाळात ‘मुस्कान’ संस्था कित्येक वर्षे ह्या मुलांना शिकवते आहे. पण नोकरी देणारा माणूस अर्जावरचे नाव वाचतो आणि तिथेच थांबतो, तेव्हा शब्दानेच काम बिघडवलेले असते. मोहल्ल्यात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या वस्तीकडे वळते, तेव्हा तिला रस्ता शब्दच दाखवतो. सकाळी वर्तमानपत्रात ‘पारधी टोळी जेरबंद’ असा मथळा छापणारा उपसंपादक आरोपीची जात इतर कोणाच्या बाबतीत मथळ्यात घालतो का? ब्राह्मणाने बँक बुडवली तर ‘ब्राह्मण टोळी’ असे कोणी छापत नाही, छापूही नये.

मग मराठी घरांनी काय करावे? फार मोठे काही नाही. आपल्या तोंडून हा शब्द शिवी म्हणून निघणार नाही, मराठीतही नाही आणि हिंदीतही नाही, एवढे घरात ठरवावे. मुलाने ‘पारदी कहीं का’ असे बाहेरून शिकून आणले तर त्याला शब्दाचा अर्थ सांगावा : पारध म्हणजे शिकार, पारधी म्हणजे शिकार करणारा, चोराला मराठीत चोर म्हणतात. मंडळांनी शिवरात्रीला व्याधाची कथा जरूर वाचावी, आणि त्याच आठवड्यात वस्तीवरच्या एखाद्या म्हाताऱ्या पारध्याला बोलावून त्याच्या तोंडून रानाची माहिती ऐकावी. मानधन देऊन, खुर्चीवर बसवून. आपल्या भागातल्या मराठी-हिंदी वर्तमानपत्रांना मथळ्यात जात घातल्याबद्दल पत्रे लिहावीत. पत्रे येऊ लागली की संपादक वाचतात. आणि यादीचा प्रश्न आमदार-खासदारांना मराठीतून आणि हिंदीतून, दोन्हीकडून विचारावा. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा आपण घ्यावा.

भाषा जपायची म्हणजे तिच्यातले शब्द कोशात घालून ठेवायचे नव्हे. त्या शब्दांनी जी माणसे ओळखली जातात त्यांना तो शब्द मान वर करून उच्चारता आला पाहिजे. ‘तू कोण?’ असे विचारल्यावर भोपाळातल्या पारध्याचे पोर आज ‘पारधी’ म्हणायला कचरते, कारण पुढे काय होईल हे त्याला ठाऊक असते. ते ज्या दिवशी बेधडक सांगेल, त्या दिवशी आपली मराठी थोडी जपली गेली असे मी मानीन.